कुंपणाच्या अलीकडे

जो पाहुणा आपल्या पेटीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही, त्याच्या पेटीत नको ते असतं, असं मोठीबाईंचं ठाम मत होतं. मागच्या खोलीतला चष्मेवाला आला, तेव्हा त्यांनी मुद्दाम पुढे होऊन त्याची काळी पेटी उचलायला हात घातला. "नको नको, राहू द्या," म्हणत त्याने ती छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी. तिथेच मोठीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आणि मोठीबाईंच्या मनातली पाल एकदा चुकचुकली, की तिला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचा होता.

त्यांचं विश्रामगृह राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला खेटून होतं. खाली जेवणघर, मागे ओळीने खोल्या, वर गच्ची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उद्यानाचं गेट दिसे, आणि गेटच्या मागे, झाडीच्या डोक्यावर, उघडाबोडका कडा. त्या कड्यावर गरुडाच्या जोडीने घरटं केलं होतं. घरट्यात एकुलतं एक पिल्लू होतं, अजून उडता न येणारं.

गेटचं काम आधी मोठीबाईंच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर काही वर्षं त्यांनी स्वतः ते सांभाळलं, आणि गुडघे बोलायला लागल्यावर ते सुनेच्या हाती आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या उघडायच्या, आत न्यायला बंदी असलेलं काढून गेटवरच्या फळीवर ठेवायचं, जाताना ज्याचं त्याला द्यायचं. अलीकडे त्या फळीवर ड्रोनच जास्त असत. "गेट आमच्या घरात आहे," असं मोठीबाई सगळ्यांना सांगत, जसं काही ते जेवणघरातलं कपाटच होतं.

तर त्या कपाटावर आता रेंजरसाहेबांची नजर फिरली होती.

चष्मेवाला आल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब जेवणघरात आले. चहा नको म्हणाले. चहा नको म्हणणारा माणूस काहीतरी वाईट सांगायला आलेला असतो, हे मोठीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी हात पुसले आणि उभ्याच राहिल्या.

"बाई, पुन्हा ड्रोन दिसला. कड्यावर."

"दिसला तर पकडा की."

"पकडायला तो काय कोंबडी आहे? मादी घाबरून घरट्यातून उठली, ती किती वेळ परतलीच नाही. पिल्लू उघड्यावर, भर उन्हात. मागच्या वर्षी अंडी टाकून गेली ती अशीच."

"माझ्या सुनेच्या गेटमधून माशी आत जात नाही."

"मग ड्रोन माशीपेक्षा लहान आहे का, बाई?" साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आता आणखी एकदा दिसला, तर गेटवर दुसरं माणूस बसेल. आधी सांगून ठेवतोय. मागाहून तोंड वाकडं करू नका."

साहेब गेले. मोठीबाई ओट्याशी आल्या आणि कांदा चिरायला घेतला. कांदा किती बारीक चिरला गेला याचं त्यांना भान राहिलं नाही. त्यांच्या डोक्यात दोन माणसं एकाच वेळी फिरत होती. एक चष्मेवाला. आणि दुसरी, जिच्यावरचा संशय तोंडावर आणायचा नव्हता ती, सून.

सून वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळायला वाव नसतो. आणि आज सकाळी कपडे वाळत घालताना मोठीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं: चष्मेवाला गेटपाशी उभा, सून त्याच्यासमोर, आणि दोघं हसत होती. सून गेटवर हसते, ही बातमीच होती. घरात तिने शेवटचं हसू कधी सांडलं होतं, ते आठवायला कॅलेंडर काढावं लागलं असतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी मुलगा आला. तो बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे निघायचा आणि जेवणाच्या वेळेला मोकळा व्हायचा. जेवून झाल्यावर त्याने नेहमीसारखा हात पुढे केला.

"आई, गच्चीची किल्ली दे. टाकी पुन्हा गळतेय."

मोठीबाईंनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दिली. "बघ, तुझ्या बायकोला म्हणावं, नवरा घरासाठी कसा राबतो. त्या टाकीमागे किती जीव काढतोस तू."

"काढावा लागतो," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

"तुझ्या बायकोचं काय चाललंय गेटवर?" त्यांनी खालून विचारलं.

"काय चालणार? पिशव्या उघडते."

"सगळ्यांच्या?"

टाकी गळत असली की त्याला काही ऐकू येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला फिरायला बाहेर पडला, तशा मोठीबाई धुतलेल्या चादरी घेऊन त्याच्या खोलीत शिरल्या. चादरी बदलायचा तो दिवस नव्हता, पण चादरींना काय माहीत. खोली नको तितकी नीटनेटकी होती. बूट जोडीने, पुस्तकं उंचीप्रमाणे, पाण्याची बाटली खिडकीच्या बरोबर मध्ये. मोठीबाईंना असा नेटकेपणा आवडला नाही. नेटका माणूस आधी ठरवून वागतो.

काळी पेटी पलंगाखाली होती. तिला कुलूप नव्हतं. उघडी पेटी पाहून त्यांचा संशय उलट वाढला, कारण लपवायचं असूनही कुलूप न लावणारा माणूस पक्का असतो. त्यांनी झाकण उचललं. आत काळ्या स्पंजात ड्रोन बसवलेला होता, चार हातापायांचा, खेकडा पाठीवर पडावा तसा. शेजारी दोन बॅटऱ्या, आणि एकीवरचा हिरवा दिवा चालू.

"बरं," मोठीबाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे आज बेत आहे."

गेटवर त्यांनी अशी यंत्रं पुष्कळ हाताळली होती. पात्या कशा निघतात, ते त्यांना माहीत होतं. औषधाच्या बाटलीचं झाकण काढायचं तसं जरा दाबून फिरवायचं. चारही पात्या त्यांनी काढल्या. पेटीच्या कप्प्यात सुटे जोड होते, तेही घेतले. सगळं एप्रनच्या खिशात टाकलं, वर चादरी घातल्या आणि पेटी होती तशी ढकलून ठेवली. आता उडव म्हणावं. पंख नसलेल्या यंत्राने फार तर टेबल अडवता येतं.

मुलगा जेवून, नेहमीसारखी किल्ली घेऊन वर गेला, त्यानंतर चष्मेवाला परतला, आल्या आल्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळाने जेवणघरात आला. मोठीबाईंना वाटलं, आता बोंब मारेल. तो मात्र बसला, पाव मोडला, सूप पुढे ओढलं. त्याने एकदाच मान वर करून मोठीबाईंकडे पाहिलं, आणि मोठीबाईंनीही त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि दोघांनीही ते दिसल्याचं दाखवलं नाही.

तेवढ्यात तो आवाज आला.

बंद डब्यात माशी अडकावी तसा, पण लांबून, वरून. चष्मेवाल्याचा चमचा अर्ध्यावर थांबला. मोठीबाईंनी आधी चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो समोर बसलेला होता. त्याच्या यंत्राचे पंख त्यांच्या खिशात होते. आणि ड्रोन कड्यावर होता.

दोघंही अंगणात धावली. कड्यासमोर एक काळा ठिपका स्थिर उभा होता. घरट्याच्या वर मादी गोल फिरत होती, आणि तिचं ते ओरडणं त्या एवढ्या अंतरावरूनही अंगावर येत होतं. मग ती वळली, पंख आवळले आणि सरळ त्या ठिपक्यावर आली. ठिपका हेलपाटला, खाली गेला, सावरला.

"गेला त्याचा धीर," चष्मेवाला म्हणाला. "बघा, आता त्याने घरी परतण्याचं बटण दाबलं असणार. घाबरला की माणूस तेच दाबतो."

"घरी म्हणजे?"

"जिथून उडवलं तिथे. यंत्र ती जागा लक्षात ठेवतं. आपणहून तिथेच येऊन बसतं."

मोठीबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. आता दिसेल, कुणाच्या घरचं पाप आहे ते. ठिपका मोठा होत होता. झाडीवरून आला. गेटच्या डावीकडून आला. कुंपणाच्या तारेवरून आला. कोंबड्या पांगल्या, वाळत घातलेल्या चादरी फडफडल्या, आणि यंत्र मोठीबाईंच्या डोक्यावरून पुढे जाऊन त्यांच्याच गच्चीच्या कठड्यापलीकडे सावकाश उतरलं.

मोठीबाईंनी मान वळवून गच्चीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे माझ्या पात्या आहेत का?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं. "सकाळपासून सापडत नाहीत. मला वाटलं, घरच चोरांचं आहे."

मोठीबाईंनी खिशात हात घातला आणि मूठभर पात्या त्याच्या हातावर ठेवल्या. "मला वाटलं, तुम्ही चोर आहात. झाली फिटंफाट."

"मी इथे उडवायला आलोच नाही हो. इथून पुढे नदीकाठचं मैदान आहे, तिथे परवानगी आहे. पहिल्या दिवशी पेटी घेऊन गेटवर गेलो, तुमच्या सुनेने सांगितलं, रोज आणून फळी अडवू नका, खोलीतच ठेवा. तरी दुसऱ्या दिवशी तिने माझी चष्म्याची डबीसुद्धा उघडून पाहिली. मी म्हटलं, यात मावेल असा ड्रोन निघाला तर मलाही सांगा. तेव्हा कुठे हसली."

मोठीबाईंनी हे ऐकलं आणि त्या जिना चढायला लागल्या. गुडघे काय म्हणतात याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

मुलगा टाकीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसला होता. हातात यंत्र चालवायचा खेळण्यासारखा डबा, समोर यंत्र. टाकी कोरडी ठणठणीत होती. थेंबसुद्धा गळत नव्हता.

"कधीपासून?" मोठीबाईंनी विचारलं.

"आई, मी पार्कात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"मी पाऊल विचारलं का?"

"मी इथे, आपल्या गच्चीवर. कुंपणाच्या अलीकडे. तूच तर सांगत आलीस. कोंबडी अलीकडे आली की आपली, चेंडू पलीकडे गेला की त्यांचा. लहानपणी माझा एकही चेंडू तू परत आणू दिला नाहीस."

हे मात्र खरं होतं. या घरात सगळं कुंपणाने ठरायचं. वाऱ्याने उडालेला रुमालसुद्धा तारेपलीकडे पडला तर मोठीबाई तो रेंजरला सांगितल्याशिवाय उचलत नसत, आणि तारेच्या अलीकडे उद्यानाचं माकड आलं तर त्याला झाडूने हाणायला कुणाची परवानगी मागत नसत. तार जमिनीत रोवलेली होती, आणि तारेच्या वर आभाळ आहे हे या घरात कधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चष्मेवाला जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला होता. "आपण कुठे उभे आहोत, याला महत्त्व नसतं," तो म्हणाला. "यंत्राखाली काय आहे, ते बघायचं. आणि घरट्याजवळ तर परवानगी असली तरी आमच्यातलं कुणी जात नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं का?"

"तुम्ही खाली जा," मोठीबाई म्हणाल्या. "सूप गार होतंय." मग मुलाकडे वळल्या. "बायकोचं गेट जाईल, एवढं तरी कळलं होतं का तुला?"

"काल साहेब आले ते मला कुठे माहीत? तू सांगितलंस का? तू विचारलंस, सगळ्यांच्या पिशव्या उघडते का." तो यंत्राकडे बघत राहिला. "वर गेलं ना, की हाक ऐकू येत नाही. तुझी नाही आणि तिचीही नाही."

"यंत्र जातं वर. तू तर इथे बादलीवर बसलास."

"डोळे जातात की."

मोठीबाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या केसांतून हात फिरवावासा वाटला. त्यांनी दोन्ही केलं नाही, कारण खाली जीप थांबल्याचा आवाज आला.

जेवणघरात रेंजरसाहेब उभे होते. त्यांच्या मागे सून, आणि गेटच्या चाव्यांचा जुडगा आता साहेबांच्या हातात. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती. तेवढं तिचं मोठीबाईंना नेहमी आवडायचं. बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

साहेबांची नजर टेबलाशी बसलेल्या चष्मेवाल्यावर गेली. "पहिल्या दिवशी गेटवर ड्रोन दाखवलात तो तुमचाच ना?"

"माझाच."

"आता कुठे आहे?"

"खोलीत. पलंगाखाली."

"खोलीत," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाठ सुटल्यासारखं झालं. त्यांनी मोठीबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही काय म्हणता? इथूनच उडवला ना याने?"

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवायची. चष्मेवाला परका, उद्या निघणारा. यंत्र जाईल, दंड भरेल, चार शिव्या देईल आणि विसरेल. गेटमधून काही गेलंच नाही म्हणून सून सुटेल. मुलगा वर गप्प बसेल, गप्प बसायला त्याला शिकवावं लागत नव्हतं. चष्मेवाला काही बोलला तरी परक्याचं कोण ऐकतं. तो चमचा हातात धरून मोठीबाईंकडे बघत होता.

मोठीबाईंनी सुनेकडे पाहिलं, आणि त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं. डोळे जरा बारीक, ओठ मिटलेले, ही बाई आता काय करते ते बघू, अशी नजर. हीच नजर त्यांनी स्वतः गेले दोन दिवस सुनेवर रोखली होती. सून त्यांना लबाड समजत होती, आणि तशी तयारीही करून बसली होती. मोठीबाईंना हे सोसेना. जगाने काहीही समजावं. पण त्यांच्या घरात त्यांच्या हातचं जेवणारीने त्यांना लबाड समजावं, हे त्या चालवून घेणार नव्हत्या.

"पाहुण्याच्या यंत्राला पात्याच नव्हत्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून माझ्या खिशात होत्या."

"तुमच्या खिशात? का?"

"कारण मी चोरल्या. लिहून घ्यायचं तर घ्या." त्यांनी जिन्याकडे तोंड केलं. "ये रे खाली. ते घेऊन ये."

मुलगा खाली आला. यंत्र हातात, मान खाली. साहेबांनी आधी त्याच्याकडे, मग सुनेकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," सून म्हणाली. "संशय होता."

"नवऱ्याचा?"

"आईंचा."

चष्मेवाल्याने चमचा खाली ठेवला.

"माझा?"

"गच्चीची किल्ली तुमच्या खिशात असते, आई. टाकी तर कधीच गळत नव्हती. नळाला पाणी कमी आलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, वर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही त्यांना पाठीशी घालताय. घरातलं भांडण गेटवर कसं नेऊ?"

मुलगा काहीतरी बोलायला गेला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

साहेबांनी यंत्र ताब्यात घेतलं. मुलाने उद्या कार्यालयात यायचं, दंड भरायचा, पिल्लू उडेपर्यंत गच्चीचं दार बंद राहायचं. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि चाव्यांचा जुडगा हातात खेळवत राहिले.

"गेटमधून काही गेलं नाही, हे मान्य. पण बायको गेटवर बसते आणि नवरा गच्चीवरून उडवतो, हे मी वर काय तोंडाने सांगू?"

"सांगा, सासूने पकडून दिला," मोठीबाई म्हणाल्या. "आणि सुनेला काढणार असाल तर खुशाल काढा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, या कुंपणाला लागून आणखी घरं आहेत, आणि प्रत्येकाला गच्ची आहे. आज खरं बोलले म्हणून माझ्या घरचं काम गेलं, असं त्यांना कळलं, की पुढच्या वेळी सगळ्यांच्याच टाक्या गळतील. मग बसा गरुडाशी बोलत."

साहेबांनी एकदा छताकडे पाहिलं. मग त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला, सूपच्या वाडग्याशेजारी. "आत अजून माणसं आहेत," ते सुनेला म्हणाले. "गेट मोकळं पडलंय."

सुनेने जुडगा उचलला. ती नवऱ्याकडे न बघता निघाली आणि मोठीबाईंच्या जवळून जाताना किंचित थांबली.

साहेबांनी यंत्र जीपमध्ये मागे टाकलं. त्यांचं कार्यालय उद्यानाच्या आत होतं. मोठीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. जीप गेटपाशी पोहोचली तोवर सून तिथे होती, आणि गेट बंद होतं. साहेबांनी हॉर्न दिला. सून गाडीच्या खिडकीपाशी गेली, काहीतरी बोलली आणि जीपच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. साहेबांनी हात हलवून काहीतरी सांगितलं. सून जागची हलली नाही.

"काय झालं?" मुलाने मागून विचारलं.

"ड्रोन आत न्यायचा नाही," मोठीबाई म्हणाल्या. "दुसरं काय होणार?"

साहेब खाली उतरले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं, मग मागचं दार उघडलं, यंत्र काढून सुनेच्या हातात दिलं. सुनेने त्यांना बाजूला करून गाडीच्या मागच्या भागात स्वतः वाकून पाहिलं, बाकावरची घोंगडीही उचलून पाहिली, आणि मगच गेट उघडलं.

जीप आत गेली. मुलगा खुर्चीवर बसला, चष्मेवाल्याने गार सूप पुन्हा पुढे ओढलं. मोठीबाई मात्र खिडकीतून हलल्या नाहीत. सून ते यंत्र फळीवर नीट ठेवते की नाही, हे त्यांना बघायचं होतं.